यादीतलं पहिलं नाव

त्या उन्हाळ्यात मी कुणाच्याही घरी गेले की पहिला प्रश्न एकच विचारायची, "ढाळ कधी लागले?" मग दुसरा, "पाणी कुठलं प्यायले होते?" बरे आहात का, पोरं कशी आहेत, हे सगळं त्यानंतर. माझी आई म्हणायची, "तू सरकारची झाली, मानसाची नाही राह्यली." ती हसून म्हणायची. पुढे तेच वाक्य लोक न हसता म्हणायला लागले.

मी बावीस वर्षांची होते आणि आरोग्य खात्यात नर्स म्हणून नुकतीच लागले होते. नोकरी कच्ची, दर काही महिन्यांनी नवा हुकूम यायचा. आमचा भाग तेव्हा अकोला जिल्ह्यात होता, वाशीम जिल्हा पुष्कळ नंतर झाला. गाव बाजारपेठेचं, कारंज्याला जाणाऱ्या एसट्या दिवसभर स्टँडवर लागलेल्या. नाव लिहीत नाही, कारण माझे लोक अजून तिथे राहतात. वरच्या अंगाला पेठ, अडत्यांच्या माड्या, धान्याची गोदामं. खाली नाल्यापलीकडे आमचा पुरा. नागपूरला दीक्षा झाली तेव्हा मी चार-पाच वर्षांची असेन. वडील गेले होते, आणि त्यांच्यासोबत एकाच शिदोरीतली भाकर खात गेले होते ते काकाजी.

काकाजी आमचे सख्खे कुणी नव्हते. वडिलांचे दोस्त. पुऱ्यातले पहिले सरकारी नोकर, सॅनिटरी इन्स्पेक्टर. वडील वारले तेव्हा मी सातवीत होते. मला शाळेतून काढायचं चाललं होतं, तर काकाजी सायकल घेऊन दारात उभे राहिले आणि आईला म्हणाले, "वयनी, पोरगी शिकन. खर्चाचं मी पाहीन." मॅट्रिकनंतर नर्सिंगचा फॉर्म त्यांनीच आणला, अकोल्याला मुलाखतीलाही तेच घेऊन गेले. एसटीत मला उलटी झाली तर त्यांनी आपला धुतलेला रुमाल पुढे केला होता. मी त्यांना बापाच्या जागी मानत होते, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

साथ कॉलऱ्याची होती. आमच्याकडे पटकी म्हणत. म्हाताऱ्या बायका तर नावही घेत नसत, नुसतं "ते आलं" म्हणत. काकाजींचं वाचन होतं. ते सांगत की ही साथ दहा-बारा वर्षांपूर्वी इंडोनेशियाकडच्या बेटांवरून निघाली आणि बंदरं, रेल्वे, जत्रा धरत निम्मं जग हिंडली. "रोगाले पाय नसतात पोरी," ते म्हणायचे. "तो मानसाच्या पायानं चालते. आपन त्याचा माग काढाचा. आज इथं हाये, तं काल कुठी होता, हे इचाराचं."

माग काढायचं काम माझ्याकडे आलं. सकाळी सहाला वही घेऊन निघायचं, घरोघर विचारायचं, आजारी माणूस असलेल्या घराच्या चौकटीवर गेरूनं छोटा गोल काढून त्यात तारीख टाकायची. दुपारी शाळेत यायचं. शाळेला सुट्टी होती, म्हणून तिथेच वॉर्ड केला होता. बाकं एका कोपऱ्यात रचलेली, खाटांमध्ये मधोमध भोकं पाडलेली, खाली बादल्या. त्या वासाबद्दल लिहीत नाही.

पुऱ्यात लोक मला काही लपवत नव्हते. पेठेत दारं अर्धीच उघडत, पण पुऱ्यात मी घरची होते. मी त्यांना एकच सांगायची, "नाव लिहून घेईन तर औषध येईन. विहिरीत पावडर पडन. वरच्यासारखा नळ आपल्याकडं येईन. लपवू नोका." हे मला काकाजींनी सांगितलं होतं आणि मी शब्दन् शब्द खरं मानून सांगत होते.

मावशी वॉर्डात आली ती वॉर्ड सुरू झाल्याच्या चौथ्या की पाचव्या दिवशी. आईची धाकटी बहीण. नवरा नव्हता, मूलबाळ नव्हतं. लग्नाकार्यात भांडी घासायला जायची. तिचं घर एका खोलीचं, पण सारवण असं की जमिनीवर भाकर ठेवून खावी. दोन बाटल्या सलाईन गेल्यावर तिच्या डोळ्यांत जरा ओल आली. मी वही घेऊन बसले.

"मावशी, पानी कुठलं पेली होतीस?"

ती माझ्या मनगटाला धरून म्हणाली, "कोनाले सांगू नोको. सेठानीनं बजावलं हाये."

"काय बजावलं?"

"सेठजीच्या पोराचं लगीन झालं नं? चार दिवस पंगती चालल्या. आमी सहा बाया मांगच्या आंगनात ताटं आन् गंज घासाले होतो. दुसऱ्या दिवशी बाहेरगावच्या पाव्हन्याले लागलं. मंग सुनेच्या भावाले. मंग घरातल्याच दोघाले. माडीवर निजवलं सगळ्याईले, डाक्टर वरच यायचा. सेठानी म्हने, ऊन लागलं, बाहीर बोलाचं नाही. आमी तेच हौदाचं पानी पेलो. उरलेला भात घरी आनला."

मला एकदम सगळं दिसलं. पुऱ्यात पहिल्यांदा आजारी पडलेली घरं मी मनात मोजली. त्या सहा बायकांचीच होती.

"मावशी, हे लिहू का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू लिहून राह्यली म्हनून सांगतलं. दुसऱ्या कोनाले सांगतलं नसतं."

दुसऱ्या दिवशी मी पेठेत गेले. सेठजी म्हणजे गावातले मोठे अडते, नगरपालिकेतही बसणारे. त्यांच्या माडीत मला कुणी घेतलं नाही. पण माडीवर जाणाऱ्या डॉक्टरांचा कंपाउंडर दवाखान्याच्या मागे बाटल्या धूत होता. साधा माणूस. मी विचारलं तसं त्यानं सांगून टाकलं. "हो बाई, माडीवर सलाईन लावलं आमी. बाजाराच्या दिवशी. मले आठवते, कारन बाजारातून बर्फ आनाले मीच गेलो होतो." तो बाजार म्हणजे मावशीला लागण्याच्या पाच दिवस आधीचा.

मग मी माडीच्या मागच्या बोळात शिरले. नगरपालिकेच्या नळाचा पाइप तिथे उघड्या गटारीतून गेलेला होता. जोडावर फडकं गुंडाळून वर डांबर थापलेलं, ते सुटलेलं. नळाला एक दिवसाआड पाणी. नळ बंद असला की पाइप रिकामा व्हायचा आणि गटारीतलं पाणी आत ओढून घ्यायचा. त्याच पाइपावर सेठजींचा हौद भरत होता. पेठेतली बाकी आजारी घरंही त्याच बोळाला लागून होती.

मी घरी बसून नकाशा काढला. कागद नव्हता, म्हणून कुटुंबनियोजनाच्या जुन्या पोस्टरची कोरी पाठ घेतली. रस्ते शाईच्या पेननं, घरं चौकोनांनी, आजारी घरांवर लाल ठिपका आणि शेजारी तारीख. शेवटी माडीपासून पुऱ्यापर्यंत एक बाण काढला. तो काढताना मला आनंद झाला, हे खोटं कशाला सांगू? माणसं मरत होती आणि मला आनंद झाला, कारण मी माग काढला होता.

काकाजींनी पोस्टर टेबलावर पसरलं, चष्मा पुसला आणि बराच वेळ बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "तुह्या बापानं पाह्यलं पाहिजे होतं हे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी एक छापील फॉर्म पुढे केला. "इथं सही कर. मी नीट टाइप करून वर पाठवतो. माहिती तुही हाये तं नाव बी तुहंच पाहिजे."

फॉर्म कोरा होता. मी सही केली. पोस्टर मात्र परत मागून घेतलं, कारण त्यात रोज नवे ठिपके घालायचे होते.

तीन दिवसांनी मी पुऱ्यात एका म्हाताऱ्याला चमच्यानं मीठ-साखरेचं पाणी पाजत होते. नाल्यावरून सायकलरिक्षा आली. तिच्यावर भोंगा. सुरुवातीला वाटलं, लस टोचायची सूचना असेल. भोंगा म्हणाला की साथ नाल्यापलीकडच्या वस्तीतून पसरली आहे. वस्तीतल्या लोकांनी पुढील सूचनेपर्यंत बाजारात, सार्वजनिक नळावर आणि एसटी स्टँडवर येऊ नये. वस्तीची विहीर बंद करण्यात येत आहे.

म्हाताऱ्यानं तोंड मिटून घेतलं. चमचा माझ्या हातात तसाच राहिला. दारात बाया जमल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "काहून वो बाई, तू तं म्हनत होती नळ येईन?"

मी धावत कार्यालयात गेले. काकाजी जागेवर नव्हते. टाइप करणाऱ्यानं कार्बनची प्रत मला सरळ काढून दिली, कारण खाली सही माझीच होती. मी उभ्यानं वाचलं. प्रथम रुग्ण: स्त्री, वय अंदाजे पंचेचाळीस, नाल्यापलीकडील वस्ती, राहणी अस्वच्छ. ती माझी मावशी होती. पेठेतली घरं यादीत होती, पण सगळी तिच्यानंतर, आठ-आठ दिवस पुढे ढकललेल्या तारखांनी. सोबत नवा नकाशा, स्वच्छ ट्रेसिंग कागदावर सुरेख अक्षरात. ते अक्षर मी ओळखत होते. माझ्या नर्सिंगच्या फॉर्मवरही तेच होतं. बाण पुऱ्यातून निघून माडीकडे जात होता.

काकाजी आले. माझ्या हातात प्रत पाहून त्यांनी टोपी खुंटीला लावली.

"काकाजी, हे काय?"

कार्यालयात ते नेहमी पुस्तकी मराठी बोलत. "अहवाल गेलेला आहे. आता त्यात बदल होत नाही."

"मावशीले सगळ्यात आधी लागलं, असं मी कुठी लिहिलं?"

त्यांनी दार लोटलं आणि मग आपल्या बोलीत आले. "तुले काय वाटते? सेठजीच्या माडीतून पटकी निघाली, हे मी सायबाच्या टेबलावर ठेवू? लगीन त्याईच्या घरचं, पाइप नगरपालिकेचा, आन् नगरपालिकेत बसते कोन? परवा मले बोलावलं होतं माडीवर. पुढच्या महिन्यात तुहा हुकूम संपते, हे त्याईले ठाऊक होतं. मले नाही, त्याईले."

"पन पुऱ्याचं काय?"

"पुऱ्याले सवय हाये," काकाजी म्हणाले.

ते पुऱ्यातच जन्मले होते. त्यांची आई त्याच विहिरीचं पाणी भरत म्हातारी झाली होती. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्यांनी मान फिरवली नाही, आणि मला वाटतं तेच मला जास्त लागलं.

पुऱ्यात पुढचे दिवस वाईट गेले. पुऱ्यातल्या हमालांना गोदामांच्या दारातून परत पाठवत. नळावर दोन शिपाई बसवले होते. मी काढलेले गेरूचे गोल आता सगळ्यांना वाचता येत होते. दूधवाला गोल पाहून दारावरून सायकल पुढे नेई. मग बाया दगडानं गोल खरडून टाकायला लागल्या. मी सकाळी वही घेऊन गेले की गल्लीतली दारं एकामागून एक लागायची. पंचवीस-तीस घरं, जिथे मी चुलीपर्यंत जात होते.

मावशीच्या घरापासून तिसरं घर एका तरुण जोडप्याचं होतं. त्यांचं बाळ हिवाळ्यात माझ्याच हातांनी जन्मलं होतं. त्या दिवशी नवरा दारात आडवा उभा राहिला.

"आमच्या घरी कोनाले काई नाही."

आतून कण्हणं ऐकू येत होतं. ओकारीचा वासही येत होता. मी म्हणाले, "भाऊ, मी लिहीत नाही. नुसतं पाहू द्या."

"तुमी मागं बी असंच म्हनलं होतं. आमी नावं देल्ली. काय झालं?"

"वही इथं ठेवते. बघा, खाली ठेवली."

त्यानं वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. मी त्याच्या जागी असते तर मीही लावलं असतं. मी शाळेकडे धावले, सलाईनच्या दोन बाटल्या आणि एका परिचारकाला घेऊन तासाभरात परत आले. दाराला कुलूप होतं. शेजारीण भिंतीकडे तोंड करून म्हणाली की बैलबंडीत घालून त्यानं बायकोला शेलूबाजाराकडे, माहेरी नेलं. ती माहेरी पोचली नाही. वाटेतच गेली. दोन बाटल्या पुरल्या असत्या की नाही, कुणास ठाऊक. मला वाटतं, पुरल्या असत्या.

तिच्या बातमीनंतर मी एक गोष्ट केली. जिल्ह्याचे मोठे डॉक्टरसाहेब विश्रामगृहावर उतरले होते. पोस्टर गुंडाळून मी तिथे गेले आणि शिपायाला न जुमानता व्हरांड्यात शिरले. साहेब रागावले नाहीत. त्यांनी पोस्टर पसरायला लावलं, तारखा विचारल्या, कंपाउंडर काय म्हणाला ते विचारलं, पाइपाचा जोड नेमका कुठे आहे ते दोनदा विचारलं. प्रश्न असे नेमके होते की मला वाटलं, शेवटी एक माणूस भेटलं. त्यांनी पोस्टर घडी करून आपल्या फायलीत ठेवलं.

"हे माझ्याजवळ राहू द्या. तुम्ही चांगलं काम केलंत."

दोन दिवसांनी माडीमागच्या बोळात नगरपालिकेची माणसं खोदायला लागली. गटारीतला पाइप उचलून बाजूला नवा टाकला. सेठजींचा हौद उपसून घासला, पावडर टाकली. आठवड्याभरात वॉर्डातल्या खाटा रिकाम्या व्हायला लागल्या.

मी वाट पाहत होते की आता भोंगा पुन्हा फिरेल. नाही फिरला. शिपाई नळावरून आपोआप उठून गेले, तेव्हा लोकांनी ओळखलं की बंदी संपली असावी. अहवाल तसाच राहिला. माझा नकाशा खरा होता हे साहेबांना कळलं, काकाजींना तर आधीपासून माहीत होतं, सेठजींनाही कळलं. त्यांनी त्यावर विश्वास ठेवून पाइप बदलला, आणि कागदावर मावशीला ठेवलं. मला मूर्ख ठरवलं असतं तर मी सहन केलं असतं. पण माझं काम त्यांनी वापरलं, आणि ते माझ्याच लोकांवर वापरलं.

नोकरी टिकली. पक्की झाली उलट. आणि किन्हीराजाकडे बदलीचा हुकूम आला. मी राजीनामा द्यायला हवा होता असं कुणी म्हणेल. घरी आई होती, धाकटा भाऊ शिकत होता. मी बॅग भरली.

निघण्याच्या आधी मावशीकडे गेले. ती वाचली होती, पण भांडी घासायचं काम तिला त्यानंतर कुणी दिलं नाही. तिच्यासोबतच्या पाच बायकांनाही नाही. कागदातलं गावात कसं पोचतं कोण जाणे, पण "हिच्यापासून सुरू झालं" हे सगळ्यांना माहीत होतं. मी तिच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं, कोऱ्या फॉर्मवर सही केली तेसुद्धा.

तिनं ऐकून घेतलं. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "अस्वच्छ लिहिलं नं मले?"

"मी नाही लिहिलं मावशी."

"सही तं तुही हाये."

त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली. मी जायची, ती चहा करायची, माझ्या पोरांना मांडीवर घ्यायची. पण मी तब्येतीचं विचारलं की एकच उत्तर, "बरं हाये." पाय सुजला होता तेव्हाही बरं हाये, डोळ्यांनी दिसेनासं झालं तेव्हाही बरं हाये. मला तिनं पुन्हा कधी काही सांगितलं नाही.

किन्हीराजाला मी बरीच वर्षं काढली. तिथे मी दारावर खूण करणं सोडून दिलं. वरून विचारणा झाली तर गेरू संपला म्हणून सांगायची. कोऱ्या कागदावर सही तर मी मुलांच्या शाळेतही केली नाही.

काकाजी एकदा तिथे आले. निवृत्त झाले होते, दमा लागला होता. पिशवीत संत्री होती. ओसरीवर बसले, मी पाणी दिलं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "मी तसं केलं नसतं तं तू आज नोकरीत नसती. हे तुले कळते नं?"

"कळते काकाजी," मी म्हणाले. "म्हनूनच तं तुमाले शिव्या बी देता येत नाही."

ते काहीतरी बोलणार होते, पण खोकला आला. मी पाठीवरून हात फिरवला नाही, नुसती उभी राहिले. खोकला थांबल्यावर त्यांनी चहा प्यायला, दुपारच्या एसटीची वेळ विचारली आणि उठले. मी स्टँडपर्यंत पोचवायला गेले नाही. संत्री शेजारच्या पोरांना वाटून टाकली.

ते वारले तेव्हा भावाचा निरोप आला. जलदानाच्या विधीला आई गेली, भाऊ गेला, मावशीसुद्धा काठी टेकत गेली म्हणतात. त्या दिवशी माझी सुट्टी होती. मी दवाखान्यात जाऊन ड्युटी मागून घेतली.